छत सुस्थितीत आहे

कोणतीही गोष्ट नीट पाहायची असेल तर तिच्यापासून लांब जावं लागतं, हे सर्वमान्य सत्य आहे. पुस्तक नाकाला चिकटवून वाचता येत नाही, नातेवाइकांचे गुण ते परगावी गेल्यावरच लक्षात येतात, आणि दुरून डोंगर साजरे हे तर आपल्या पूर्वजांनी उपग्रह नसताना सांगून ठेवलं आहे. आमचं केंद्र युद्धाकडे सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून पाहतं. एवढ्या अंतरावरून जगातलं कुठलंही युद्ध अत्यंत समतोल दिसतं.

केंद्राचं पूर्ण नाव 'सशस्त्र संघर्ष नभोनिरीक्षण व छतनुकसान नोंद केंद्र' असं आहे. (दारावरच्या पाटीवर 'सशस्त्र संघर्ष नभोनिरीक्षण व' एवढंच मावलं.) आमच्या खालच्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे आणि वरच्या मजल्यावर नृत्याचा वर्ग. त्यामुळे दिवसभर खालून किंकाळ्या आणि वरून दणके ऐकू येतात, आणि कामाला आवश्यक ते वातावरण विनामूल्य मिळतं. मी तिथे उपमुख्य विश्लेषक आहे. आम्ही उंटावरून शेळ्या हाकतो असं काही टीकाकार म्हणतात. त्यांना उंटाची उंची ठाऊक नसावी. उंट आम्हाला फारच ठेंगणा पडेल.

कामाची पद्धत साधी आहे. उपग्रह फोटो पाठवतो. आम्ही लढाईच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवतो आणि फरक ओळखतो. (मुलांच्या मासिकांत असं कोडं असतं. आमच्यापैकी बहुतेकांची निवड त्याच कौशल्यावर झाली आहे.) घराला आम्ही घर म्हणत नाही, कारण घर म्हटलं की लगेच भावना येतात. आम्ही 'छत' म्हणतो. छताचे दर्जे ठरलेले आहेत. शून्य म्हणजे सुस्थितीत, एक म्हणजे किरकोळ, दोन म्हणजे संशयास्पद, तीन म्हणजे गंभीर आणि चार म्हणजे छत आढळले नाही. ज्या छताचा आधीचा फोटोच नाही ते पडलं तर तिथे मोकळी जागा होती असं धरलं जातं. ज्याला आधी नाही त्याला नंतरही नाही, असं आमचे साहेब म्हणतात, आणि यात खोल तत्त्वज्ञान आहे असं त्यांना वाटतं.

माणसांची नोंद आम्ही ठेवत नाही. यात निष्ठुरपणा काही नाही, भूमिती आहे. आमच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. उभा माणूस वरून पाहिला तर एका ठिपक्यात संपतो, आणि तो ठिपका बादलीही असू शकतो. माणूस आडवा झाला तर तीन-चार ठिपके व्यापतो. म्हणजे आडवा झाल्याशिवाय माणूस मुळी दखलपात्र होत नाही, आणि झाला तरी ती गुंडाळलेली चटई नाही हे सिद्ध करावं लागतं.

ढगांबद्दलही सांगायला हवं. ढगाळ दिवशी फोटोत काही दिसत नाही, म्हणून त्या दिवसापुढे आम्ही 'घटना नाही' असं लिहितो. एकूण आकडेवारी पाहता ढगांनी जेवढे दिवस युद्ध थांबवलं आहे तेवढे कुठल्याही शांतता परिषदेने थांबवलेलं नाही. गेल्या वर्षी ढगांना पुरस्कार द्यावा असं साहेबांनी सुचवलं होतं, पण स्वीकारायला कोण येणार यावर मीटिंग अडली.

आमच्याकडे एक सावलीतज्ज्ञ बाई आहेत. सावलीची लांबी मोजून इमारतीची उंची सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांना मोठ्या मानाने नेमण्यात आलं, आणि त्यांच्या नेमणुकीनंतर थोड्याच दिवसांत साहेबांच्या लक्षात आलं की सावल्यांमुळे आमची भित्तिपत्रकं काळवंडतात. तेव्हापासून आम्ही फक्त भर दुपारचे फोटो मागवतो. सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गेलेली असते, त्यामुळे चित्र कसं स्वच्छ येतं. बाई आजही वेळेवर येतात. 'या महिन्यात सावली आढळली नाही' असा त्यांचा अहवाल दर महिन्याला येतो आणि तो एकमताने मंजूर होतो.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. हिवाळा तोंडावर आला असताना दोन्ही बाजूंनी युद्धविराम जाहीर केला. दारूगोळा संपला म्हणून, असं खवचट लोक म्हणाले. मदत मंडळाकडे गरम तंबू होते, शेगड्या होत्या, जाड गाद्या होत्या. प्रश्न होता तो या वस्तू कुणाला द्यायच्या याचा. पूर्वी मंडळाची माणसं गावात जाऊन लोकांना विचारत, "तुमचं घर पडलंय का?" या पद्धतीत एक मोठा दोष होता. लोक 'हो' म्हणत. तेव्हा मंडळाने ठरवलं की यापुढे गावकऱ्यांना विचारायचंच नाही, आम्हाला विचारायचं. तीन किंवा चार दर्जाच्या छताला तंबू मिळेल, बाकीच्यांना शुभेच्छा.

या निर्णयाचा आम्हाला अभिमान वाटला. साहेबांनी पेढे आणायला सांगितले, मग गांभीर्य राखण्यासाठी बिस्किटांवर भागवलं.

युद्धाच्या पट्ट्यातल्या एका गावात माझी मोठी बहीण दिलेली आहे. ताई, तिचे यजमान आणि तिच्या सासूबाई असं तिघांचं कुटुंब. त्या गावाच्या छतांची यादी जाहीर झाली त्याच दिवशी तिचा फोन आला.

"अरे, आमचं घर शून्यावर कसं?"

मी स्क्रीनवर तिचं घर काढलं. लाल पत्र्याचं छत, चारी कोपरे शाबूत, रंगसुद्धा टिकलेला.

"ताई, छत एकदम झकास आहे," मी म्हणालो. "अख्ख्या गल्लीत इतकं चांगलं छत नाही."

"छत चांगलंच आहे रे! माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, एवढंच."

झालं होतं असं, की बाजूला पडलेल्या तोफगोळ्याने चारी भिंती पाडल्या होत्या आणि छत सबंधच्या सबंध खाली बसलं होतं, स्टूल मोडल्यावर वजनदार माणूस बसतो तसं. ताई, भाऊजी आणि सासूबाई अंगणातल्या कोळशाच्या खोलीत राहत होते. त्या खोलीला दार नव्हतं. सासूबाईंच्या छातीत आधीच कफ होता आणि थंडी त्यांना सोसणार नाही असं डॉक्टरने बजावलं होतं.

"वरून उंची कळत नाही, ताई," मी तिला समजावलं.

"मग खाली ये आणि बघ."

हे धोरणाच्या विरुद्ध होतं. जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याची दृष्टी एकांगी होते. त्याला एकाच बाजूची भिंत दिसते, ती पडलेली असली की तो हळवा होतो आणि मग त्याच्या हातून तटस्थ काम होत नाही.

ताईने मोबाइलवर फोटो काढून पाठवला. फोटोत सासूबाई छताच्या काठावर बसल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीला टेकलेले होते. माझ्या सबंध नोकरीत इतका स्पष्ट पुरावा मी पाहिला नव्हता. तो अर्थातच स्वीकारता आला नाही. एक तर तो जमिनीवरून काढलेला होता. दुसरं म्हणजे सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा भाव तटस्थ नव्हता.

तरी मी प्रकरण साहेबांपुढे ठेवलं. सावलीतज्ज्ञ बाईही माझ्याबरोबर आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, सकाळचा एक फोटो मागवा. घर उभं असेल तर सावली पडेल, बसलं असेल तर पडणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

"एकाला सकाळ दिली की सगळे सकाळ मागतील," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या बहिणीचं घर म्हणून नियम बदलला, तर लोक काय म्हणतील?"

हा मुद्दा बिनतोड होता. ताई माझी सख्खी बहीण असल्यामुळे तिच्या बाबतीत मला इतरांपेक्षा दुप्पट निःपक्षपाती राहणं भाग होतं. परक्या लोकांच्या तक्रारी मी एका दिवसात हातावेगळ्या करत असे. ताईची तक्रार मी तीनदा फेरतपासणीला पाठवली आणि तिन्ही वेळा छत सुस्थितीत निघालं. माझ्या या सचोटीची ऑफिसात चर्चा झाली. घरी झाली नाही, कारण बायको माझ्याशी बोलत नव्हती.

पुढच्या फोनला ताईचा आवाज उतरलेला होता. "बरं, ते राहू दे. तुम्हाला वरून दिसायला काय लागतं तेवढं तरी सांग."

ही माहिती गोपनीय नाही, आमच्या माहितीपत्रकात छापलेली आहे. म्हणून मी सांगितलं की छताला दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद भगदाड असेल तर ते आमच्या नजरेतून सुटत नाही.

भाऊजी शाळामास्तर आहेत. आयुष्यात त्यांनी खिळा कधी सरळ ठोकलेला नाही, पण मोजमाप म्हटलं की त्यांच्या अंगात वारं भरतं. फळ्यावरची मोठी पट्टी, गुण्या आणि खडू घेऊन ते छतावर चढले (चढले म्हणजे पाय उचलून ठेवला) आणि त्यांनी दोन बाय दोनचा बिनचूक चौकोन आखला. मग शेजाऱ्याची छिन्नी आणून त्या घरात शाबूत उरलेली एकमेव वस्तू त्यांनी कापली. त्या छतासाठी त्यांनी सहा वर्षं शिकवण्या घेतल्या होत्या. ताई म्हणाली, पत्रा कापताना ते एकदाही वर पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या फोटोत चौकोन सुरेख उमटला. आमच्या विश्लेषकांनी एकमताने दर्जा एक दिला आणि शेरा लिहिला, 'छताला नियमित आकाराचा झरोका. बहुधा उजेडासाठी. कुटुंबाची परिस्थिती सुधारत असल्याचे लक्षण.'

मास्तरांनी काही केलं की गाव ते गिरवतं. अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेलं होतं. कुणाच्या भिंती गेल्या होत्या पण छत लटकत होतं, कुणाचं जोतं खचलं होतं, कुणाचं घर आतून जळून गेलं होतं आणि वरून नव्यासारखं दिसत होतं. अशा सगळ्यांनी भाऊजींकडून पट्टी नेली. भाऊजी घरोघर जाऊन चौकोन तपासून देत आणि तिरका असेल तर पुन्हा आखायला लावत. पाहता पाहता एकशे ऐंशी छतांवर एकाच मापाचे एकशे ऐंशी चौकोन झाले.

आता एका छताला भोक असेल तर ती घरमालकाची हौस असते. एकशे ऐंशी छतांना असेल तर तो 'आकृतिबंध' होतो. आकृतिबंध हा शब्द ऐकला की साहेबांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली, सगळ्या चौकोनांना सरसकट दर्जा तीन दिला, आणि मी ऑफिसच्या संडासात जाऊन ताईला फोन केला.

"ताई, तू तीनवर आलीस!"

पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. मग ती म्हणाली, "सासूबाईंना सांगते. शेगडीचं ऐकून त्यांना बरं वाटेल." मलाही इतका आनंद झाला होता की मी खाली दातांच्या डॉक्टरला उगीचच नमस्कार घातला.

साहेबांचं काम मात्र तिथे संपलं नव्हतं. नुकसान झालं म्हणजे ते कुणीतरी केलं असलं पाहिजे, आणि ते युद्धविरामात झालं म्हणजे युद्धविराम मोडला असला पाहिजे. सरळ हिशेब होता. केंद्राचा विशेष अहवाल निघाला. त्यात म्हटलं होतं की या भागात अज्ञात प्रकारचं शस्त्र वापरलं जात आहे. ते आवाज करत नाही, धूर करत नाही, भिंतींना धक्का लावत नाही (भिंतींबद्दल आमच्याकडे माहिती नव्हती, त्यामुळे धक्का लागल्याचीही नव्हती) आणि पत्र्यात बरोबर दोन बाय दोनचं छिद्र पाडतं. माऱ्याची अचूकता शंभर टक्के. वृत्तवाहिन्यांनी त्याला 'चौकोनास्त्र' असं नाव दिलं. चार निवृत्त सेनानींनी त्याच्या आतल्या यंत्रणेची आकृती काढून दाखवली.

आधी दोन्ही बाजूंनी साफ नकार दिला. मग त्यांच्यापैकी एकीने, शस्त्राची इतकी वाहवा होते आहे हे पाहून, ते आपणच बनवल्याचं सूचित केलं. त्यावर दुसरीने आपल्याकडे ते आजोबांच्या काळापासून असल्याचं सांगितलं. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. ज्याच्याकडे चौकोनास्त्र नव्हतं त्याने साध्या तोफा काढल्या, आणि ते दोघांकडेही नव्हतं.

मदत मंडळाचा नियम असा आहे की मदत फक्त युद्धविरामात वाटायची. ट्रक वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. आमच्या फोटोत ते फार छान दिसत.

मी साहेबांकडे गेलो आणि जे होतं ते सांगून टाकलं. शस्त्रबिस्त्र काही नाही, ती भोकं लोकांनी स्वतः पाडली आहेत, आणि त्यांना मापं माझ्या भाऊजींनी आखून दिली आहेत.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी फोटो समोर ओढला. "दाखवा भाऊजी."

मी शोधलं. चौकोनाशेजारी एक करडा ठिपका होता.

"ही बादली नाही कशावरून?"

मी तो ठिपका खूप मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर तो मोठा करडा चौकोन झाला. भाऊजींना मी तीस वर्षं ओळखतो, त्यांच्या लग्नात मी त्यांचा बूट लपवला होता, पण ती बादली नाही असं मला छातीठोकपणे सांगता येईना. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा मागवला.

ताईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली रे आमची. तंबू नको, शेगडी नको. तेवढ्या तोफा थांबवायला सांग." मागून सासूबाईंचा खोकला आणि त्यापाठोपाठ आवाज आला. "तुझा भाऊ वर बसून सगळं बघतो म्हणे! देवही तेच करतो म्हणतात, पण तो मेला निदान अहवाल तरी लिहीत नाही."

मग बर्फ पडला. तीन दिवस ढग होते, म्हणजे तीन दिवस 'घटना नाही'. चौथ्या दिवशी आकाश निवळलं आणि दुपारच्या फोटोत सबंध गाव पांढरंशुभ्र होतं. चौकोन नव्हते, भगदाडं नव्हती, सगळी छतं एकसारखी, अखंड. आमच्या संगणकाने नव्या फोटोची जुन्याशी तुलना करून निकाल दिला की एकूण नुकसान शून्य आहे. युद्धाच्या इतिहासात इतक्या झपाट्याने पुनर्बांधणी कधी झाली नसेल. मंडळाने समाधान व्यक्त केलं आणि ट्रक परत बोलावले.

त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. कोळशाच्या खोलीत, ताईच्या मांडीवर डोकं ठेवून. भाऊजींनी दाराच्या जागी कापलेला पत्रा उभा केला होता, पण त्याच्या कडेने वारा येतच होता. मला फार वाईट वाटलं. त्या मला कधी एक शब्द बरा बोलल्या नव्हत्या, तरी मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. सावलीतज्ज्ञ बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि त्या महिन्याच्या अहवालावर सही न करताच घरी गेल्या.

साहेबांनाही वाईट वाटलं. ते म्हणाले, हे जगापुढे आलंच पाहिजे. त्यांनी आमचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही मोबाइलवर उघडावा, बोटाने डावीकडे सरकवलं की आधीचा फोटो, उजवीकडे सरकवलं की नंतरचा. पहिल्याच दिवशी चाळीस लाख लोकांनी उघडला. या क्षणी किती लोक पाहत आहेत त्याचा आकडा कोपऱ्यात लुकलुकत राहतो.

ताईने मोबाइलवर तो नकाशा उघडला आणि मला फोन केला. तिचा आवाज एकदम हुशारलेला होता, लहानपणी व्हायचा तसा. "अरे, आत्ता या मिनिटाला साठ हजार माणसं बघतायत म्हणे! एवढी माणसं बघतायत म्हणजे आता कुणीतरी येईलच ना रे? काय बघतायत ती? आमचं गाव दिसतंय ना त्यांना नीट?"

याची माहिती आमच्याकडे असते. कोण नकाशात कुठे गेलं, कुठे किती वेळ थांबलं, सगळं मोजलेलं असतं. मी स्क्रीनवर ती आकडेवारी काढली, वाचली, आणि ताईला म्हणालो की हो, नीट दिसतंय. खरं काय ते तिला सांगणं मला जमलं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे. नकाशा उघडल्यावर तुम्ही दोन-तीनदा बोट इकडून तिकडे सरकवलंत, अरेरे म्हणालात, आणि मग स्वतःच्या घराचा पत्ता टाकलात. तिथे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ होतात. पाण्याची टाकी ओळखलीत, गच्चीवरची चादर ओळखलीत, घरातल्या कुणालातरी हाक मारून दाखवलंत. काळजी करू नका. तुमचं छत सुस्थितीत आहे.